सिमरोलजवळच्या शेतात सापडलेली जुनी अवजारे आणि दोन अनोळखी फळझाडे

प्रश्न (इंदूर)
सासऱ्यांच्या पश्चात सिमरोलजवळचे साडेचार बिघे शेत आमच्याकडे आले. गेल्या रविवारी तेथील पडवी उपसली, तेव्हा तिफण (पेरणीचे तीन दात्यांचे अवजार), तिचे चाडे (ज्यातून बी सोडतात तो वाडगा), वखराची पास (त्याचे लोखंडी पाते), मोटेचे (विहिरीतून पाणी उपसण्याच्या कातडी पिशवीचे) लाकडी चाक आणि एक जाते मिळाले. चाकाच्या खोबणीला नाडा, म्हणजे मोटेचा दोर, घासून घासून अशी तकाकी आली आहे की बोट फिरवताना काच वाटते. जात्याच्या पाळ्या, म्हणजे दगडी चकत्या, मात्र गुळगुळीत असून त्यांना टाकी लावल्याची, म्हणजे छिन्नीने खाचा पाडल्याची, खूणही दिसत नाही. विहिरीपाशी दोन मोठी झाडे आहेत. एकाची पाने जाड व टोकाशी किंचित खाचलेली आहेत, डहाळी मोडली की पांढरा चीक येतो, आणि निंबोळीहून थोडी मोठी पिवळी फळे धरली आहेत. दुसऱ्याची साल मगरीच्या पाठीसारखी असून खाली काळपट, वाटाण्याहून मोठी फळे पडली आहेत. पावसाळ्यापूर्वी जेसीबीने सारे सपाट करावे, असा शेजाऱ्यांचा आग्रह आहे. ही झाडे कोणती, आणि अवजारे कशी जपावीत?

उत्तर (महू)
ताई, जेसीबीला कृपया थांबवा. पहिले झाड खिरणीचे आहे. ते अतिशय सावकाश वाढते, त्यामुळे आपण म्हणता तेवढे मोठे झाड आपल्या सासऱ्यांच्याही आधीचे असू शकते. दुसरे चाराचे, म्हणजे चारोळीचे. त्या जात्याचा उलगडाही मला तेथेच होतो, असे वाटते. चाराची फळे रात्रभर भिजवून, गर चोळून काढून, बिया वाळवतात आणि मग त्यांचे कठीण कवच जात्यात हलक्या हाताने भरडून आतील चारोळी काढतात. पिठासाठी जात्याला टाकी लावावी लागते, या कामाला ती लागत नाही. आपले जाते त्याच कामाचे असावे. झाड तोडले तर जातेही मुके होईल.

उत्तर (वडोदरा)
आमच्याकडे खिरणीला रायण म्हणतात, आणि चिकूची कलमे बांधण्यासाठी तिचीच रोपे खुंट म्हणून वापरतात. तेव्हा झाडाखाली पडलेल्या बिया वाया घालवू नका. फळ चिकट असते. ओठांना चीक लागू नये म्हणून तोडलेली फळे काही वेळ ठेवून मगच खावीत.
अवजारांविषयी: लाकूड पाण्याने धुऊ नये आणि कडक उन्हात ठेवू नये, कारण एवढे जुने लाकूड तडकते. कोरड्या ब्रशने माती झाडावी, वाळवीची भोके तपासावीत, मग जवसाचे तेल पातळ थराने चोळावे. पासेचा गंज तारेच्या ब्रशने काढून तिलाही तेल लावावे. चाड्याची तीन भोके व त्यांतून दात्यांकडे जाणाऱ्या बांबूच्या नळ्या शाबूत असतील, तर त्या मुळीच सुट्या करू नका. नळ्यांशिवाय तिफण कशी चालते, हे पुढे कोणाला समजणार नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. जेसीबीचे बोलणे आज मोडले. चाड्याच्या दोन नळ्या शाबूत आहेत, तिसरी तुटलेली असली तरी तिचा तुकडा पडवीतच सापडला. चाराची फळे काल संध्याकाळी भिजत घातली असून आज सासूबाईंनी ती पाहताच, जात्याची वरची पाळी किती सैल ठेवायची ते त्यांनी स्वतःहून सांगितले.