लंडनची हायरॉक्स, तयारी बडोद्यात: स्लेज आणू कुठून?

मांजलपूरची_वहिनी

नमस्कार मंडळी. मांजलपूरला राहते, वय त्रेचाळीस, नोकरी बँकेत, म्हणजे दिवसभर खुर्ची. नणंद लंडनला असते. तिने डिसेंबरातल्या हायरॉक्समध्ये महिला दुहेरीला नाव नोंदवलं आणि मग फोन केला, "वहिनी, तुझंही नाव घातलंय गं." विचारलं नाही, कळवलं. सासूबाई खूश, लेकीकडे जायला निमित्त मिळालं. नवरा अजून हसतोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ही शर्यत मोठ्या बंदिस्त हॉलमध्ये असते. एक किलोमीटर पळायचं, एक व्यायाम करायचा, असं आठ वेळा. क्रम जगात सगळीकडे तोच. १००० मीटर स्की-अर्ग (उभं राहून दोऱ्या खाली खेचायचं यंत्र), ५० मीटर स्लेज (वजनं लादलेली लोखंडी चौकट) ढकलणं, ५० मीटर ओढणं, ८० मीटर बर्पी घालत उड्या (पालथं पडायचं, उठायचं, पुढे उडी मारायची), १००० मीटर रोइंग यंत्रावर वल्हवणं, मग दोन्ही हातांत वजनं घेऊन २०० मीटर चालणं, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर लंजेस (लांब पाऊल टाकून मागचा गुडघा टेकवत जाणं) आणि शेवटी १०० वॉल बॉल (खाली बसून उठत जड चेंडू भिंतीवरच्या खुणेला फेकणं). आमच्या गटाला ढकलायची स्लेज एकूण १०२ किलोची, ओढायची ७८ ची, हातात १६-१६ ची किटलबेल, पिशवी १० किलो, चेंडू ४ किलो. पळायचं दोघींनी बरोबर, आठही किलोमीटर. व्यायाम मात्र हवे तसे वाटून घेता येतात.

पळण्याचं मला फारसं भय नाही. कमाटीबागेत सकाळच्या फेऱ्या चालू असतात. अडलंय ते स्लेजपाशी. घराजवळच्या एका जिममध्ये चौकशी केली तर तिथला पोरगा वर्षाचं पॅकेज पुढे करून म्हणाला, "बेन, पहेलां वजन उतारो, पछी जोईशुं." (आधी वजन उतरवा, मग बघू.) मी पॅकेज घेतलं नाही.

तर सांगा, स्लेजशिवाय तयारी होते का? पावसाळ्यात पळू कुठे? विश्वामित्रीच्या बाजूला पाणी चढलं की मगरी रस्त्यावर येतात, तेव्हा तिकडचं सुचवू नका. आणि डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार येतात. उपवास मोडणार नाही.

पोलोग्राउंड_पहाटे

वहिनी, २०२५ च्या मे महिन्यात मुंबईला झाली ती भारतातली पहिली हायरॉक्स. त्यात मी पुरुष ओपनमध्ये होतो. आमची ढकलायची स्लेज १५२ किलोची असते.

स्लेजचा आकडा बघून घाबरू नका, पण तिला हलक्यातही घेऊ नका. ती चाकांवर नसते, गालिच्यावर घसटत न्यायची असते. खरा छळ त्या घर्षणाचा. कंबर खाली, हात ताठ, पावलं छोटी, आणि थांबायचं नाही. थांबलात की पुन्हा हलवायला दुप्पट जोर लागतो. दुहेरीत याचाच फायदा घ्या. १२.५ मीटरच्या चार खेपा असतात, एक तुम्ही, एक नणंदबाई. ज्या धावण्याच्या बुटांचा तळ गुळगुळीत झालाय ते गालिच्यावर सटकतात, तेव्हा पकड असलेले बूट घ्या.

सरावाला मकरपुऱ्याच्या एखाद्या टायरवाल्याकडून ट्रकचा जुना टायर आणा, बहुतेक फुकट देईल. त्यात विटा ठेवा, जाड दोर बांधा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये टायर वाकून ढकलायचा, मग दोराने ओढायचा. ओढताना नुसते हात चालवू नका. दोर धरून मागे झुका आणि अंगाच्या भाराने मागे चाला. सगळं हातांनी केलंत तर पुढे रोइंगला बोटं मिटणार नाहीत.

वजनं घेऊन चालायला घरात शेंगतेलाचे डबे असतीलच. भरलेला डबा १५ किलोचा, दोन्ही हातांत एकेक. कडी बोटांत रुतते, म्हणून फडकं गुंडाळावंसं वाटेल. गुंडाळू नका, तेवढीच पकड तयार होते.

पण या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. स्लेज संपवून बाहेर पडलात की पुढच्या किलोमीटरला मांड्या आपल्या राहत नाहीत. बागेत ताज्या पायांनी कितीही पळा, या पळण्याची सवय त्याने होत नाही. तेव्हा आठवड्यातून दोनदा असं करा: टायर ढकला आणि लगेच एक किलोमीटर पळा. लंजेस घाला, पुन्हा पळा. वेग कितीही कमी असो, चालायचं नाही. पावसात हेच पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होतं. पुरुषोत्तम मासासारखी कधीमधी येणारी शिस्त इथे चालत नाही.

वॉल बॉलला गच्चीवर लिफ्टच्या खोलीची भिंत वापरा. खडूने २.७ मीटरवर खूण करा, तुमच्या गटाला चेंडू तेवढ्याच उंचीवर मारायचा असतो. प्रत्येक वेळी बसताना कुल्ले गुडघ्यांच्या खाली गेलेच पाहिजेत. नाहीतर पंच ती फेक मोजत नाही, आणि नव्वदीनंतर न मोजलेल्या एकेका फेकीवर रडू येतं. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा, आमच्याकडे सेक्रेटरी वर आले होते.

तालमीतला_जुना

पैसे भरून घाम गाळायला लंडन? असो, आमचा जमाना गेला.

ताई, बडोद्यात राहून सरावाला साधन नाही म्हणता? कमाटीबागेतल्या म्युझियममधला गामा पैलवानाचा दगड बघून या. २३ डिसेंबर १९०२ ला गामाने तो उचलला असं त्यावरच कोरलंय, वजन १२०० किलो. तोच गामा १९१० साली लंडनला गेला, तिथे डॉक्टर रोलर आणि झ्बिश्को या परदेशी पैलवानांशी भिडला, रोलरला हरवलं आणि झ्बिश्कोशी झुंजला. तयारी कशाची होती? जोर आणि बैठका. जुम्मादादा व्यायाम मंदिरातल्या, नारायणगुरूंच्या तालमीतल्या कुणालाही विचारा, बैठका काढणाऱ्याच्या मांड्या दमत नाहीत. रोज पन्नासपासून सुरुवात करा. बोटांच्या पकडीला दोर चढा, दोरावरच्या मल्लखांबाइतकी पकड दुसरं काही देत नाही.

पोलोग्राउंड_पहाटे

काका, बैठकांना मान. फक्त एक. आपल्या बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि भार चवड्यांवर येतो. वॉल बॉलला टाचा जमिनीवर टेकलेल्या हव्यात, नाहीतर वर फेकायला जोर मिळत नाही आणि गुडघे बोलायला लागतात. बैठका काढाव्यात, पण चेंडूचा सराव वेगळा.

तालमीतला_जुना

गुडघे बोलतात ते खुर्चीमुळे.

ईस्टहॅमकर

मी लंडनला, ही शर्यत जिथे होते त्या एक्सेल प्रदर्शन केंद्रापासून जवळच राहतो. दोनदा प्रेक्षक म्हणून गेलोय. २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये मेरी कोमने कांस्यपदक मिळवलं ते याच एक्सेलमध्ये, मुष्टियुद्ध आणि कुस्ती इथेच झाली होती. हॉल एवढे लांबच लांब आहेत की स्टेशनातून उतरल्यावर योग्य दार सापडेपर्यंतच थोडा सराव होतो. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइनची ॲबी वूडकडे जाणारी गाडी धरलीत तर थेट कस्टम हाउसला उतरता येतं, दार समोरच.

डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, बाहेर गारठा. आत मात्र पळणाऱ्यांच्या गर्दीने चांगलंच गरम होतं. म्हणून वर काढून टाकता येईल असं जाकीट आणि आत साधा सुती नसलेला टी-शर्ट.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. पळण्याचा मार्ग गोल असतो आणि किलोमीटरला किती फेऱ्या हे हॉलनुसार बदलतं. फेऱ्या आपल्या आपण मोजायच्या. दमलेल्या डोक्याने ते जमत नाही, एक कमी पडली तर दंड बसतो. दोघींनी मोठ्याने बोलून मोजा. शिवाय पळण्याचा मार्ग आणि व्यायामाची जागा यांच्यामध्ये जो पट्टा असतो, तिथे रेंगाळलात तर तोही वेळ घड्याळात जातो. पाणी तिथेच मिळतं, प्या आणि निघा.

खाण्याचं: विमानातून येताना दूध, तूप, पेढे, पनीर आणू नका, भारतातून दुग्धजन्य पदार्थ इथे आणायला बंदी आहे. तूप ईस्ट हॅमच्या कुठल्याही दुकानात मिळतं, पोहे आणि साबुदाणाही. शर्यतीआधी अडीच-तीन तास पोहे किंवा गूळ-पोळी, नेहमी जे पचतं तेच. शर्यत शनिवार-रविवारी असेल तर गुरुवारच्या उपवासाचा अडसर नाही, फक्त त्या रात्री उपवास सोडताना नीट जेवा आणि शुक्रवार जड व्यायामात घालवू नका. घड्याळ साडेपाच तास मागे जातं, तुम्ही पहाटे तीनला टक्क जाग्या व्हाल. तीन-चार दिवस आधी या.

मांजलपूरची_वहिनी

सगळ्यांचे आभार. टायरवाल्याकडे गेले होते. त्याने दोन टायर दिले आणि चहाही पाजला. आता वॉचमन विचारतो, "मॅडम, गाडी कौनसी है?" काका, बैठका सुरू केल्यात, पन्नासला नाही पण तिसाला पोचले.

नणंदेशी वाटणी ठरली: स्लेज निम्मी-निम्मी, रोइंग तिच्याकडे जास्त, लंजेस माझ्याकडे. तिचा गुडघा जुना दुखणाईत आहे.

शेवटचा प्रश्न ईस्टहॅमकरांना. सासूबाई वय चौऱ्याहत्तर, त्यांना बघायला यायचंय. प्रेक्षकांना तिकीट लागतं का, आणि बसायला काही मिळतं का?

ईस्टहॅमकर

तिकीट वेगळं काढावं लागतं, ऑनलाइन आधीच घ्या. बसायला फार कमी, लोक अडथळ्यांच्या कडेने उभे राहून बघतात. घडीचं स्टूल आत नेऊ देतात का ते आयोजकांना ईमेल करून विचारून ठेवा. सासूबाईंना वॉल बॉलच्या बाजूला घेऊन जा, शेवट तिथेच असतो आणि चेहरे तिथेच दिसतात. फक्त त्यांना सांगा, मोठ्याने आकडे मोजायचे नाहीत. माझ्या आईने मोजले होते, पुढचा गडी गोंधळून पंचाकडेच बघत बसला.