चीनला निघतोय, अलीपेत कार्ड जोडलं जात नाही. तातडीने मदत हवी

माळरान (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात निघायचंय आणि अलीपेत (फोनवरून पैसे द्यायचं चिनी अ‍ॅप) कार्ड काही केल्या जोडलं जात नाहीये. पासपोर्टचा फोटो घेतला, चेहरा स्कॅन झाला, पण कार्डाचा नंबर टाकला की नकार येतो. सकाळपासून हेच चाललंय. बँकेत फोन केला तर 'आमच्याकडून अडचण नाही' एवढंच सांगतात. तिकडे रोख कोणी घेत नाही म्हणे. मग विमानतळावरून हॉटेलवर जायचं कसं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया लवकर सांगा. आणखी एक, तिकडच्या माल देणाऱ्या पार्टीला भेट द्यायला आमच्या दुकानाचं नाव छापलेली भिंतीवरची घड्याळं नेतोय. कस्टमला त्रास होत नाही ना?

तांबडं_फाटक
कुठलं शहर? कार्ड क्रेडिट की डेबिट? व्हिसा, मास्टरकार्ड की रुपे? कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेत का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

फिरस्ता
चीनला आता व्हिसा लागत नाही, २४० तास म्हणजे १० दिवस तसंच राहता येतं. माझा मेहुणा नुकताच जाऊन आला. तुम्ही उगाच टेन्शन घेताय.

तांबडं_फाटक
फिरस्ता, अशी माहिती देऊ नका हो, एखादा खरंच विमानतळावरून परत येईल. ती सवलत ५५ देशांच्या नागरिकांना आहे, तीही तिसऱ्या देशाला पुढे जाणाऱ्यांना. त्या यादीत भारत नाही. मेहुण्यांचा पासपोर्ट कुठला?

फिरस्ता
ब्रिटिश आहे. पण नियम सगळ्यांना सारखाच असणार ना?

तांबडं_फाटक
नाही. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावाच लागतो.

माळरान (धागाकर्ता)
व्हिसा आहे हो माझ्याकडे! एम म्हणजे व्यापारासाठीचा, सिंगल एंट्री. ग्वांगझूला चाललोय, कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाच्या पहिल्या टप्प्याला. सोलापुरात इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, एलईडी फिटिंग बघायची आहेत. कोलकात्याहून थेट विमान आहे. मधल्या रविवारी हाँगकाँग बघून यायचा विचार आहे. आता कार्डाचं सांगा.

तांबडं_फाटक
साहेब, मी कार्डावरचा शिक्का विचारत होतो. कार्डाच्या कोपऱ्यात काय छापलंय ते बघून सांगा.

खारी_बिस्कीट
मी बीजिंगला गेले होते तेव्हा चांगली इंग्रजी बोलणाऱ्या दोन मुली भेटल्या. चहा प्यायला चला म्हणाल्या आणि नंतर चहाचं भलंमोठं बिल हातात आलं. बीजिंग-शांघायमध्ये ही फसवणूक जुनी आहे, सावध राहा. चीनच्या भिंतीसाठी मुतियान्यूच्या बाजूने जा, बादालिंगला फार गर्दी असते.

कडबाकुट्टी
ताई, ते ग्वांगझूला चाललेत. बीजिंग तिथून दोन हजार किलोमीटर लांब आहे.

खारी_बिस्कीट
माहीत आहे. पण धागा वाचणारे बाकीचेही असतात ना.

माळरान (धागाकर्ता)
रुपे लिहिलंय. डेबिट.

तांबडं_फाटक
मग तेच कारण. अलीपेत बाहेरच्या देशातली व्हिसा, मास्टरकार्ड, जेसीबी, डायनर्स अशी कार्डं जोडता येतात, रुपे नाही. आपलं यूपीआयही तिथल्या दुकानात चालत नाही. आता असं करा:

घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नाही, तुमच्या स्वतःच्या नावावर व्हिसा किंवा मास्टरकार्ड आहे का बघा. पासपोर्टवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळलेलं बरं. नसेल तर आजच बँकेतून घ्या. कार्ड हातात आलं की बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. 'ऑनलाइन' आणि 'दुकानात' ही बटणं वेगवेगळी असतात, दोन्ही चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड फक्त देशात वापरण्यापुरतं चालू असतं, बाकीचं आपण करायचं असतं. बँकेतला माणूस 'अडचण नाही' म्हणतो तो खोटं बोलत नसतो, त्याच्या दृष्टीने कार्ड ठीकच असतं.

हे सगळं इथूनच उरकून निघा. जोडताना ओटीपी येतो, तो तुमच्या भारतीय नंबरवर येतो. तिकडे रोमिंग नसेल तर ओटीपी येणार नाही आणि तुम्ही अडकून बसाल. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्यापेक्षा मोठ्या व्यवहाराला ३ टक्के लागतो. त्यामुळे मोठी बिलं शक्यतो हॉटेलात कार्ड घासून भागवा.

कडबाकुट्टी
अलीपेवर भारतात बंदी आहे ना? २०२० मध्ये सगळी चिनी अ‍ॅप बंद केली होती. कायद्याच्या भानगडीत कशाला पडता? रोख न्या. रोख नाकारणं तिथल्या कायद्यात बसत नाही, मध्यवर्ती बँकेनेच सांगितलंय.

तांबडं_फाटक
नीट वाचा. जून २०२० च्या ५९ अ‍ॅपमध्ये वीचॅट (त्यांचं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप) होतं. नोव्हेंबरच्या ४३ च्या यादीत 'अलीपे कॅशियर' नावाचं वेगळं अ‍ॅप होतं. यांच्या फोनवर अलीपे उघडलंय, पासपोर्टसुद्धा तपासून झालाय. आणि रोखीचं म्हणाल तर कायदा बरोबर आहे, पण टपरीवाल्याकडे सुटे नसतात त्याचं काय? शंभराची नोट दिली की तो शेजारच्या दुकानात धावतो.

कडबाकुट्टी
मी रोखीवरच फिरलो, कुठेही अडलं नाही. बँक ऑफ चायनाच्या एटीएममधून पैसे निघाले. फोन बंद पडला, चोरीला गेला तर तुमचं अलीपे काय कामाचं? माणसाने एकाच गोष्टीवर विसंबू नये.

तांबडं_फाटक
थोडी रोख जवळ असावी, हे मान्य. पण डीडीची (ओला-उबरसारखी) टॅक्सी बोलवायची तर फोनच लागतो. ती अलीपेतूनच बोलावता येते, भाडंही त्यातूनच कापलं जातं. पत्ता चिनी लिपीत टाकायचा, म्हणजे ड्रायव्हरशी बोलायची वेळच येत नाही. मेट्रोचा क्यूआरही त्यातच मिळतो.

लिचीच्या_गावात
मी बरीच वर्षं ग्वांगझूत राहिलेय, नवऱ्याची नोकरी तिथे होती. पैशांचं तांबडं_फाटक दादांनी सांगितलंय ते बरोबर आहे, मी बाकीचं सांगते. पण आधी माळरान, ती घड्याळं घरी ठेवा. कस्टमचा प्रश्नच नाही. चिनी माणसाला घड्याळ भेट देणं म्हणजे त्याच्या मरणाची आठवण करून देणं. तो तोंडावर काही बोलणार नाही, हसून घेईलही, पण पुढचा व्यवहार जड जाईल. छत्रीही देऊ नका.

फिरस्ता
सोलापूरचे आहात तर टॉवेल द्या ना! सोलापुरी टॉवेल कोणाला आवडणार नाही?

लिचीच्या_गावात
टॉवेल-रुमालही नको, ते मयताच्या घरी देण्याची रीत आहे. सोलापुरात विणलेली वॉल हँगिंग मिळतात ना, ती द्या. नाहीतर चांगला चहा, सुकामेवा. देताना दोन्ही हातांनी द्या. समोरचा एकदोनदा नको म्हणेल, ते फक्त वळण असतं, नम्रपणे पुन्हा पुढे करा. तुमच्यादेखत उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

फॅक्टरीवाले जेवायला नेणारच. दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची, तिथे आपणहून बसू नका, ते दाखवतील तिथे बसा. ग्वांगझूत जेवण्याआधी सगळे आपापल्या वाट्या-काड्या (चॉपस्टिक) गरम चहाने विसळून घेतात आणि ते पाणी मधल्या मोठ्या भांड्यात ओततात. तो चहा पिऊ नका आणि बावरूही नका, सगळ्यांचं बघून तसंच करा. कोणी तुमच्या कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकं टक-टक करायचं, तो त्यांचा नमस्कार. किटलीचं झाकण अर्धवट उघडं ठेवलं की वेटर पाणी भरून जातो. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, मेलेल्यांपुढे उदबत्त्या लावतात तसं दिसतं. दारू घेत नसाल तर पहिल्या घोटाआधीच सांगा आणि चहाचा कप उचला, मध्येच नको म्हटलं की मन दुखावतं. ग्लास टेकवताना आपला काठ मोठ्या माणसाच्या ग्लासाच्या खाली ठेवा. बिल ज्याने बोलावलं तो देतो. टिप कुठेच द्यायची नाही.

माळरान (धागाकर्ता)
ताई, मी शाकाहारी आहे. अंडंही नाही.

लिचीच्या_गावात
हे आधी सांगायचं होतं! त्याप्रमाणे सगळं बदलतं. नुसतं 'भाजी द्या' म्हणालात तर भाजी येईल, पण तिच्यात ऑयस्टर सॉस, कोंबडीची पूड, कधी डुकराची चरबी असते. 'वो छ सू' म्हणा, म्हणजे मी शाकाहारी खातो. फोनवर चिनीत नीट लिहून ठेवा: मांस, मासे, अंडं, चरबी, ऑयस्टर सॉस नको. बौद्ध शाकाहारी उपाहारगृहं शोधा, तिथे निर्धास्त खा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांचीसुद्धा तिथे सोय होते. श्याओबेई भागात भारतीय जेवण मिळतं. घरून दशम्या, शेंगा चटणी जरूर न्या. ताजी फळं, मांस, दूध, लोणी, चीज मात्र बॅगेत नको, तिथे जप्त करतात.

कडबाकुट्टी
इतका त्रास सोसून त्यांचाच माल आणायचा? आपल्याकडे एलईडी बनत नाही का?

तांबडं_फाटक
तो विषय वेगळ्या धाग्यावर घ्या. त्यांचं पोट दुकानावर आहे.

खारी_बिस्कीट
सोलापूर म्हटल्यावर डॉ. कोटणीसांची आठवण येतेच. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले, वय अवघं ३२. शीजियाझुआंगला त्यांची समाधी आहे. जुन्या पिढीतले लोक त्यांना 'के दीहुआ' म्हणून ओळखतात. मी त्यांच्या गावचा आहे असं सांगा, वयस्कर माणसांचा चेहरा लगेच उजळतो. मी स्वतः पाहिलंय.

माळरान (धागाकर्ता)
आमच्या घरापासून त्यांचं स्मारक जवळच आहे. जरूर सांगेन. व्हॉट्सअ‍ॅप चालतं का? बायकोला रोज फोन करायचाय.

तांबडं_फाटक
हॉटेलच्या वायफायवर नाही. गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब तिथे बंद आहेत. भारतीय सिमचं रोमिंग घेतलंत तर चालतं, कारण ते इंटरनेट आपल्या इथल्या कंपनीतून फिरून येतं. ओटीपीसाठी रोमिंग लागणारच आहे, एकाच खर्चात दोन्ही कामं होतील. गूगल मॅपवर विसंबू नका, आयफोन असेल तर अ‍ॅपलचा नकाशा बरा चालतो. फॅक्टरीवाले वीचॅट मागतील. ते इथे मिळत नाही, त्यांना ईमेल द्या.

लिचीच्या_गावात
फेअरसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करून ठेवा, तिथे पासपोर्ट दाखवून बिल्ला मिळतो. मेट्रोची ८ नंबरची लाइन घ्या, शिनगांगदोंग किंवा पाझोऊला उतरा. ३ नंबरच्या लाइनला सकाळी जीव गुदमरतो. पहिला टप्पा १५ ते १९. ओळखीच्या घरी राहणार असाल तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते, हॉटेल ते स्वतः करतं.

फिरस्ता
पॉवर बँक नेत असाल तर बघा, जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानात त्यांचा थ्री-सी हा सुरक्षेचा शिक्का नसलेली पॉवर बँक काढून घेतात. आपल्याकडच्या बऱ्याच पॉवर बँकवर तो नसतो.

माळरान (धागाकर्ता)
देशांतर्गत विमान नाहीये माझं, हाँगकाँगलाही रेल्वेनेच जाणार. दुपारी बँकेत गेलो, दुसऱ्या खात्यावर व्हिसा डेबिट कार्ड होतं, ते चालू करून घेतलं. अलीपेत जोडलं गेलं! घड्याळं परत दुकानात ठेवली. सगळ्यांचे मनापासून आभार.

नवखा_प्रवासी
मी डिसेंबरात शांघायला जातोय, थंडी किती असते?

तांबडं_फाटक
माळरान, थांबा. सिंगल एंट्री म्हणालात ना? हाँगकाँगला गेलात की चीनमधून बाहेर पडलात असं धरतात. रविवारी ग्वांगझूला परत येताना तुमचा व्हिसा संपलेला असेल. हाँगकाँगसाठी भारतीयांना वेगळी ऑनलाइन पूर्वनोंदणीही लागते. परतीचं विमान ग्वांगझूहून असेल तर तो रविवार तिथेच घालवा. रेल्वेचं तिकीट काढलंय का अजून?

माळरान (धागाकर्ता)
नाही, आज रात्री काढणार होतो. आता काढत नाही. ताई, ग्वांगझूत रविवारी काय बघू?

लिचीच्या_गावात
सकाळी शामियान बेट, तिथून चालत छिंगपिंग बाजार, दुपारी चेन कुळाचं देवघर बघा. लाकडावरची आणि विटांवरची कोरीव कामं बघायला दोन तास ठेवा. तिकिटासाठी पासपोर्ट मागतील, बरोबर ठेवा.