कोरियात इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांचे अनुभव इतके वेगळे का?

प्रश्न: देश एक, व्हिसा एक (परदेशी भाषाशिक्षकांचा ई-२), तरी कुणी वर्षानुवर्षं रमतं, कुणी चार महिन्यांत परततं. नशिबाचा भाग सोडला तर फरक नेमका कशात?

प्रतिसाद १: मालक कोण, यात. १९९५ साली सुरू झालेल्या 'एपिक' या सरकारी योजनेत आठवड्याला २२ तास शिकवणं, दिवसाची शाळा आणि सोबत कोरियन सहशिक्षक असतो. खासगी शिकवणी म्हणजे 'हागवॉन'. तिथे बहुधा दुपारनंतर काम सुरू होऊन रात्र होते (सोलमध्ये १०ची कायदेशीर मर्यादा आहे), आणि सगळं मालकाच्या स्वभावावर. करारात 'कामाचे तास' आणि 'शिकवण्याचे तास' वेगळे लिहिलेत का, हे आधी बघा. ३० तासिका म्हटलं की तयारी, तपासणी, पालकांचे फोन त्याबाहेर धरले जातात. भांडणं इथेच होतात.

प्रतिसाद २: व्हिसा मालकाशी बांधलेला असतो, हे लोक विसरतात. मुदतीआधी जागा बदलायची तर साधारणपणे त्याचं संमतीपत्र लागतं. ते अडवलं की माणूस अडकला.

प्रतिसाद ३: पैशाचंही पाहा. वर्ष पूर्ण करून नोकरी सोडताना किमान ३० दिवसांचा सरासरी पगार कायद्याने वेगळा मिळतो. म्हणून काही मालक शिक्षकाला अकराव्या महिन्यातच काढून टाकतात. सही करण्याआधी तिथल्या सध्याच्या शिक्षकाशी, मालक समोर नसताना, बोला. मालकाने नंबर द्यायला टाळाटाळ केली तर पुढे जाऊच नका.