कुत्र्याच्या पाठीवर ओझं देण्याआधी

महिनाभराच्या डोंगरवाटेवर कुत्र्याचं खाणं त्यालाच वाहू द्यावं का, असं विचारलंय. द्यावं, पण वाढ पूर्ण झाल्यावर आणि सवय लावून. आधी रिकामी पिशवी घालून फिरवा, मग थोडं थोडं वजन वाढवा. मी कुत्र्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपुढे जात नाही, म्हणजे २५ किलोच्या कुत्र्याला अडीच किलो. दोन्ही बाजू समतोल हव्यात, नाहीतर पट्टा काखेत घासतो.

मला खरी काळजी वाटते ती उन्हाची आणि पंजांची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच थंड होतो. शिवाय दमला तरी तो आपल्यामागे चालतच राहतो, म्हणून थांबायचं आपणच ठरवायचं. माझी कुत्री चौथ्या दिवशी लंगडायला लागली तेव्हा तिच्या पंजाची गादी सोललेली दिसली. आदल्या संध्याकाळी मी पंजे बघितलेच नव्हते, त्याचं अजून वाईट वाटतं. आता प्रत्येक थांब्यावर बघते, आणि कापडी बूट सोबत असतातच. दुखतंय म्हणून आपल्याजवळची आयबुप्रोफेन मात्र कधीच देऊ नका, कुत्र्यांसाठी ती विषारी आहे.

वाटेचे नियमही आधी वाचा. अ‍ॅपलाचियन ट्रेल ही अमेरिकेतली डोंगरवाट सुमारे ३,५०० किलोमीटरची आहे, पण ग्रेट स्मोकी माउंटन्स आणि शेवटच्या बॅक्स्टर पार्कमधल्या टप्प्यात कुत्र्यांना मनाई आहे. तेवढे दिवस त्याला कुणाकडे ठेवायचं, हे निघण्यापूर्वीच ठरवावं लागतं.