लेबल नको, स्क्रोल्डटेक्स्ट घ्या

दादा, पायथन प्रोग्रामच्या ओळी खिडकीत दाखवताना खालच्या दिसेनाशा होतात, असं तुम्ही विचारलंत. लेबलात (नुसता मजकूर दाखवणाऱ्या पाटीत) ओळी वाढवत गेलात तर खालच्या ओळी खिडकीबाहेर जाणारच, लेबलाला स्क्रोल नसतो. टीकेइंटर (tkinter, पायथनची खिडक्या बनवायची लायब्ररी) यातलं स्क्रोल्डटेक्स्ट (ScrolledText, स्क्रोल असलेला मजकुराचा चौकोन) घ्या. 'इन्सर्ट'नं ओळ 'एंड'ला टाकायची अन् लगेच 'सी'लाही (see, ती जागा दिसेल असं सरकवणारी आज्ञा) 'एंड' द्यायचं, म्हणजे शेवटची ओळ समोर राहते.

माझी गोची वेगळीच झाली होती. लातूरला आडतीवर सोयाबीनच्या वजनाच्या नोंदी दाखवायच्या होत्या. हमाली-तोलाईच्या गडबडीत कुणी खाडाखोड करू नये म्हणून विजेट (तोच मजकुराचा चौकोन) 'डिसेबल्ड' केलं, तर माझ्याच प्रोग्रामच्या ओळी येईनात. एररसुद्धा नाही! अख्खी दुपार गेली. लिहिण्याआधी 'नॉर्मल', लिहून झालं की परत 'डिसेबल्ड', एवढंच होतं.

अन् मोठा लूप थेट चालवू नका, खिडकी गोठते. 'आफ्टर'नं (after, थोड्या वेळानं काम चालवणारी आज्ञा) थोडं थोडं करा.