नायलॉन मांजा : शाळेने थांबवायचा की पोलीस शिपायाने?

निवृत्त शिक्षिका, महाल

संक्रांत होऊन तीन आठवडे उलटले, तरी आमच्या अंगणातल्या कडुलिंबावर नायलॉनचा हिरवा धागा अजून लोंबतो आहे आणि त्यात अडकून मेलेल्या बगळ्याचा एक पंख वारा आला की हलतो. राष्ट्रीय हरित लवादाने या मांजावर २०१७ साली देशभर बंदी घातली. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि संक्रांतीच्या दिवशी पोलीस उड्डाणपूलही बंद ठेवू लागले. एवढे होऊनही धागा माझ्या झाडावर आलाच. म्हणून माझे मत असे झाले आहे की, जोवर पतंग उडवणाऱ्याच्या मनात ‘मी हे करणार नाही’ असे पक्के होत नाही, तोवर कायद्याची पुस्तके जाड होत राहतील आणि गळे कापले जातच राहतील.

जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा त्यांना तसे करायला भाग पाडणारा कोणताही कायदा नव्हता. त्याआधी वीस वर्षे, १८४८ मध्ये, त्यांनी मुलींची शाळा काढली होती. आधी शिक्षण आणि मग स्वतःच्या दारापासून सुरुवात, असा तो क्रम मला दिसतो. आपणही तोच धरावा.

वकील, सिव्हिल लाइन्स

बाई, आपल्याविषयी आदर ठेवूनच विरोध नोंदवतो. शाळाशाळांत जानेवारीत नायलॉन मांजा न वापरण्याची शपथ दिली जाते. माझ्या पुतण्याने ती सकाळी मोठ्या आवाजात म्हटली आणि संध्याकाळी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून त्याच मांजाची चक्री आणली. शिक्षण झाले, शपथ झाली, पुढे काय?

आपण फुल्यांचा हौद सांगितलात, मी शाहू महाराजांचा दंड सांगतो. करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले आणि जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही, त्याला महिन्याला एक रुपया दंड ठरला. त्या काळी रुपया म्हणजे गरिबाच्या घरात मोठी रक्कम होती. त्याआधी गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात आणले होते, ते फेटाळले गेले आणि देशातली मुले पुढे कित्येक वर्षे शाळेबाहेरच राहिली. ज्या शिक्षणाच्या भरवशावर आपण समाज बदलू पाहता, ते शिक्षणसुद्धा सक्तीशिवाय घरोघरी पोहोचलेले नाही. देशात शिक्षणाचा हक्क प्रत्यक्ष लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला, हे विसरू नये.

पतंगविक्रेता, जुनी शुक्रवारी

दोघांचेही वाचले. मी फक्त सुताचा मांजा ठेवतो. गिऱ्हाईक आधी इकडेतिकडे पाहते आणि मग हळूच विचारते, “तो आहे का?” नाही म्हटले की पुढच्या दुकानाकडे वळते. यात पदवीधर किती आणि अंगठेबहाद्दर किती, याचा हिशोब मांडला तर शिक्षिकाबाईंना वाईट वाटेल.

खासगी नोकरी, इंदोरा

मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. कारण मी स्वतः पतंग उडवतो, आणि इथे बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बऱ्याच वर्षांत चक्री हाती धरली नसावी.

पोरगा नायलॉन का घेतो, ते आधी समजून घ्या. समोरच्या गच्चीवर नायलॉन असेल तर माझा सुती मांजा पहिल्याच पेचात कापला जातो, तिकडून ‘ओ काट’ची आरोळी उठते आणि माझ्या बाजूचे सगळे पोट्टे माझ्याकडे पाहतात. मी एकट्याने जबाबदारी पाळली तर फक्त मी हरतो, रस्त्यावरचा धागा मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे एकेकट्याला उपदेश करून हे सुटणार नाही. वकीलसाहेबांचा शिपाईही प्रत्येक गच्चीवर चढू शकत नाही.

कायद्याबद्दल एक गोष्ट सांगतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले होते. तरी पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन जावे लागले. ठराव होता, माणसे नव्हती, म्हणून चार वर्षे तळे बंदच होते. फुल्यांचा हौद एका घराचा होता. तळे गावाचे होते, ते एकट्याच्या चांगुलपणाने उघडले नसते. बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये आपल्याच नागपुरातल्या परिषदेत शिकण्याबरोबर संघटित व्हायलाही सांगितले. आपण मात्र सोयीने पहिलाच शब्द उचलतो आणि फलकावर लिहितो.

आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी आठ गच्च्यांवरच्या मुलांनी मिळून ठरवले की, कोणीच नायलॉन वापरायचा नाही आणि असलेल्या चक्र्या एकत्र जमा करायच्या. जो वापरील त्याच्याशी पेच लावायचा नाही, त्याचा पतंग एकटाच उडू द्यायचा. पहिल्या वर्षी दोघांनी फसवले. यंदा एकानेही नाही. पेच न लागणारा पतंग उडवण्यात काय मजा?

वकील, सिव्हिल लाइन्स

आपल्या गल्लीचे कौतुक आहेच. पण नववी गच्ची कोणाची? बाहेरून आलेला धागा तुमच्या करारात बसत नाही, तो कापायला शेवटी कायदाच लागतो. महाडचा शेवटही लक्षात घ्या : तळ्याचा वाद न्यायालयात गेला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयातच निकाली निघाला.

खासगी नोकरी, इंदोरा

निकाली निघाला, हे मान्य. पण तो खटला चालवायला लागणारे धैर्य कोणत्या कलमात लिहिले होते, तेही सांगा.

निवृत्त शिक्षिका, महाल

वकीलसाहेबांच्या पुतण्याची गोष्ट मनाला लागली, कारण अशा शपथा मीही तीस वर्षे म्हणवून घेतल्या आहेत. फळ्यावर लिहायचे, मुलांनी एका सुरात म्हणायचे आणि घंटा झाली की सारे संपले. त्याला शिक्षण म्हणणे ही माझीच चूक असेल. तरीही इंदोऱ्याच्या भाऊंना एक विचारते : आठ गच्च्यांवरच्या मुलांना एकत्र बसवायची कल्पना आधी कोणाच्या तरी एकट्याच्याच डोक्यात आली असेल ना? तो मुलगा कुठून शिकला?

खासगी नोकरी, इंदोरा

मुलगा नव्हता, मुलगी होती. अकरावीत आहे. तिच्या काकांच्या हनुवटीखाली मांजाने सात टाके पडले होते. संध्याकाळी ती प्रत्येक गच्चीवर गेली आणि मोबाइलवरचा जखमेचा फोटो एकेकाला दाखवत राहिली. शाळेचा संबंध विचाराल तर, वर्गात बोलायची भीती गेली ती शाळेतच, असे ती म्हणते. एवढे श्रेय घ्या, बाई.

पतंगविक्रेता, जुनी शुक्रवारी

एक शंका राहिली. मुलांनी जमा केलेल्या नायलॉनच्या चक्र्यांचे पुढे काय केले? जाळल्या तर धूर होतो, पुरल्या तर त्या कुजत नाहीत.

खासगी नोकरी, इंदोरा

जिन्याखाली पोत्यात बांधून ठेवल्या आहेत. एकोणीस आहेत. कुठे जमा करायच्या, ते दोन ठिकाणी विचारून झाले. दोघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवले.