ऑपरेशननंतर आईचा ऑक्सिजन ९१, मेंदीमुळे की खरंच?

धाकटी_लेक:
काल आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीने. वय ६४, वजन जरा जास्तच. वॉर्डात आणल्यावर बोटाला क्लिप लावली तर ९१, मग सिस्टरने नाकात नळी लावली आणि १० मिनिटांत ९६. नेलपॉलिश आधीच पुसायला लावलेलं पण लग्नातली मेंदी तशीच आहे, त्याने चुकीचं दाखवतंय का? आणि ऑपरेशन पोटाचं, मग फुप्फुसाला काय झालं?? डॉक्टर राऊंडला येतात नि जातात, विचारायचं राहूनच जातं.

सांगलीकर:
आमच्याकडे मेंदीमुळे आकडाच येईना, शेवटी कानाच्या पाळीला लावली क्लिप. हात गार असले तरी गंडतं ते. कमी वाटलं तर ऑक्सिजनचं चाक थोडं फिरवायचं, आम्ही तेच केलं.

भूलवाली:
भूलतज्ज्ञ आहे म्हणून लिहिते. सांगलीकर, चाकाला हात लावू नका हो! सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार असलेल्यांचा आकडा ८८ ते ९२ च ठेवतात, जास्त दिला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. धाकटी, मेंदी तीच, बोट तेच, नळी लावल्यावर आकडा चढला म्हणजे बहुतेक कमी होतं ते खरंच. भूल दिली की छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा वर सरकतो, दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरतात तो आणखी ढकलतो, वजन असेल तर अजूनच, त्यामुळे फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि नंतर दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. म्हणून डोक्याकडून पलंग वर करून घ्या, दुखत असेल तर औषध मागा, ते सहन करत बसू नये, खोकताच येत नाही मग. एक मात्र, नळी चालू असताना ९८ दिसलं तरी श्वास मंदावलेला असू शकतो, आकडा उशिरा पडतो. आई घोरतात का? घोरता घोरता श्वास थांबतो का?

नाना६१:
श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलवालं यंत्र दिलं असेल ना? मी दोन दिवस शंखासारखा फुंकत होतो, फिजिओथेरपिस्ट हसली, म्हणे आजोबा ओढायचं असतं 😄

धाकटी_लेक:
अगं बाई, आईपण फुंकतेच आहे! आणि घोरते, मध्येच थांबून दचकते, आम्हाला वाटायचं गाढ झोप. ऑपरेशनच्या आधी कुणाला सांगितलंच नाही हे. आत्ताच सिस्टरकडे जाते.